दहा रुपये जास्त

डिचोलीच्या बाजारात मी रोज अडीच तास फिरते,
खांद्याला पर्स, हातात सोसायटीचं पिग्मीचं मशीन.
कुणी वीस देतं, कुणी शंभर
आणि वर एक मत.
मताची पावती निघत नाही.

शाबलो न्हावी म्हणतो, पोराच्या हातात मोबाइल देणं म्हणजे
तळ्यात ढकलून पोहायला सांगणं.
वाक्य पुरं होईपर्यंत कात्री गिऱ्हाइकाच्या कानाशी थांबते.
त्याचं खातं कशासाठी आहे ते मला ठाऊक आहे:
थोरल्याची दहावी, सोळा हजारांचा फोन.
अजून चार हजार सातशे कमी आहेत.
मी पावती फाडते.

खाण चालू होती तेव्हा पुंडलीकचे तीन ट्रक होते
आणि सरकारविषयी एकही मत नव्हतं.
आता ट्रक नाहीत.
चहाच्या गाड्याशी उभा राहून तो सांगतो,
"घरात बसवून पैसे देतात गे बाय,
माणसं आळशी होतात, लिहून ठेव."
गेल्या महिन्यात बायकोच्या खात्यात योजनेचे पैसे उशिरा आले
तेव्हा बँकेचं शटर वर जायच्या आधी
पायरीवर तोच बसलेला.
यात हसण्यासारखं काही नाही,
मी त्याच्या खालच्या पायरीवर होते.

मासळीबाजारात पियेदाद बांगडे लावता लावता म्हणते,
एक फटका वेळेवर बसला की पुढचे दहा वाचतात.
समोरून शेवंती: "तुझ्या आंतोनला काय कमी बसले?
गेलाच ना शेवटी स्विंडनला?"
पियेदाद बांगड्यांवर पाणी मारते,
जरा जास्तच.
आंतोन पौंड पाठवतो.
तरी ती त्याच्या नावाने रोज वीस भरते.
"ते तिकडचे," म्हणते, "थंडीतले.
हे इथले."
तिची नोट मी वेगळ्या कप्प्यात ठेवते, खवल्यासकट.

शाळा कुठल्या भाषेत हवी, यावर तर अख्खा बाजार बोलतो.
मराठीवाले बोलतात, कोंकणीवाले बोलतात
आणि ज्यांची पोरं इंग्रजीत आहेत
ते दोन्ही बाजूंनी बोलतात.
माझी मुलगी चौथीत, मराठीत. पटावर अकरा.
पुढच्या जूनमध्ये शाळा उघडेल का,
हे मी दोनदा विचारलं.
ते मत नव्हतं, म्हणून बहुतेक
कुणी उत्तर दिलं नाही.

काल संध्याकाळी हिशेब लागेना.
मशीन म्हणतं चार हजार दोनशे तीस,
पर्स म्हणते चाळीस.
कमी पडले तर मी भरते, त्याची सवय आहे.
जास्त झाले तर काय करायचं
ते ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं.
मॅनेजर केंकरे म्हणाले, चहा पी आणि विसर.

आज सकाळी सगळ्यांना विचारलं.
शाबलो म्हणाला, पुंडलीकचे असणार, त्याला मोजता येत नाही.
पुंडलीक म्हणाला, सरकारात जमा कर,
तिथे कुणाचे ते कुणी विचारत नाही.
पियेदाद म्हणाली चर्चच्या पेटीत, शेवंती म्हणाली देवळाच्या फंडपेटीत,
मग त्या दोघी एकमेकींशी बोलत राहिल्या
आणि मला गिऱ्हाइकांतून वाट काढावी लागली.
एका लिंबासाठी पाऊण तास भांडणारा बाजार.
माझे, असं कुणीच म्हणालं नाही.

दुपारी फार्मसीच्या सावलीत उभी राहून
ती नोट उलटसुलट करून पाहिली.
केस नाही, खवला नाही,
चहाचा डागही नाही.

रात्री मुलीला सांगितलं.
ती म्हणाली, आई, दहा रुपयांचं काय एवढं,
आणि पाढ्यांच्या वहीत परत गेली.
माझं मत तिने विचारलं नाही.
विचारलं असतं तर
भात निवला असता.